तक्रार लिहिणारा निरोप्या



मागील अंक आपल्या हाती पडल्यानंतर आठवडाभरात एका भगिनींचे पत्र आले. अक्षर वळणदार, मजकूर थोडका. परंतु प्रश्न असा की त्याच्या उत्तरासाठी एक संपूर्ण लेख खर्ची पडावा. त्यांचा मुलगा पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. त्या लिहितात, "रात्री दोन वाजता त्याचा फोन वाजतो. तो उठतो, लॅपटॉप उघडतो आणि विचारले तर 'केस ओपन करतोय' एवढेच सांगतो. आमच्या घरात कोणी वकील नाही, मग ही केस कसली? आता तो म्हणतो की केस उघडण्याचे कामही यापुढे प्रोग्रामच करील. तसे झाले तर याला कामावर कोण ठेवील?"

या पत्रात एक कुतूहल आहे आणि एक काळजी आहे. कुतूहलाचे समाधान झाल्याखेरीज काळजीचे उत्तर देता येणार नाही, म्हणून आधी त्याच्याकडे वळू.

'क्लाउड' हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. नाव ढगाचे असले तरी वस्तू अगदी जमिनीवरची आहे. मोठमोठ्या इमारतींमध्ये हजारो संगणक अहोरात्र चालू असतात आणि त्यांची शक्ती भाड्याने दिली जाते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईतच अशी केंद्रे सुरू केली. पूर्वी एखाद्या पेढीला संगणकीय कारभार करायचा असेल तर स्वतःची यंत्रे विकत घेऊन, थंड खोलीत ठेवून, त्यांची निगा राखावी लागे. आता महिन्याचे भाडे भरले की काम भागते. सोय मोठी आहे, पण भाड्याच्या जागेची एक अडचण सर्वांनाच ठाऊक आहे. नळ गळू लागला तर भिंत आपण फोडू शकत नाही. मालकाला कळवावे लागते.

मालकाला कळविण्याच्या या व्यवहारालाच क्लाउडच्या जगात 'केस' म्हणतात. न्यायालयाशी तिचा संबंध नाही. आपल्या कचेरीच्या भाषेत तिला 'प्रकरण' म्हणता येईल. ग्राहक कंपनीच्या संकेतस्थळावर जातो, एक अर्ज भरतो आणि त्याला एक क्रमांक मिळतो. अर्जात विषय लिहायचा, सविस्तर वर्णन करायचे, तक्रार कोणत्या सेवेसंबंधी आहे ते यादीतून निवडायचे, कोणाकोणाला उत्तराची प्रत जावी त्यांचे ई-मेल पत्ते द्यायचे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रकरणाची तीव्रता ठरवायची. त्यानंतर कंपनीचा अभियंता आणि ग्राहक यांच्यात जो पत्रव्यवहार होतो, तो सारा त्याच क्रमांकाखाली ओळीने साठत जातो.

तीव्रतेच्या पायऱ्यांकडे जरा बारकाईने पाहू, कारण पुढची सारी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे. गुगलकडे ग्राहकाच्या नित्य वापरात पी-१ ते पी-४ अशा चार पायऱ्या आहेत. पी-४ म्हणजे साधी शंका. सेवा व्यवस्थित चालू आहे. पी-३ म्हणजे सेवा चालू आहे, पण तिच्यात मध्यम स्वरूपाचा बिघाड आहे. पी-२ म्हणजे सेवा कशीबशी वापरता येते. पी-१ म्हणजे प्रत्यक्ष ग्राहकांसाठी चालणारी सेवा वापरण्याजोगी उरलेलीच नाही. ॲमेझॉनने अशाच पाच पायऱ्या केल्या आहेत. पायरी जितकी वरची, तितके उत्तर लवकर. आणि आधारसेवेची वर्गणी जितकी मोठी, तितकी मुदत कमी. गुगलच्या सर्वांत महाग योजनेत पी-१ प्रकरणाला पंधरा मिनिटांत प्रतिसाद देण्याचे उद्दिष्ट असते, तर तिच्या खालच्या योजनेत एका तासात.

येथे एक शब्द नीट लक्षात ठेवावा. ही मुदत प्रतिसादाची आहे, निवारणाची नव्हे. पंधरा मिनिटांत कोणीतरी जाणकार आपले प्रकरण हाती घेईल, इतकेच वचन त्यात असते. दुरुस्तीला किती वेळ लागेल हे दुखणे काय आहे यावर अवलंबून असते. आणि दुखणे काय आहे हे आपण काय लिहिले यावर अवलंबून असते.

आता ही तक्रार प्रोग्रामकडून लिहून घेण्याची गरज का पडावी? त्याचे उत्तर माझ्या भाच्याच्या अनुभवातून मला मिळाले. त्याची परवानगी घेऊन तो येथे सांगतो.

भाचा आणि त्याचे दोन मित्र पुण्यात एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांतील औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिले करणे, साठ्याचा हिशेब ठेवणे, मुदत संपत आलेल्या औषधांची यादी काढणे अशी कामे त्यांचा प्रोग्राम करतो. तो भाड्याच्या क्लाउडवर चालतो. एका महिनाअखेरीच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास माहितीसाठा नव्या जोडण्या घेईनासा झाला. ज्या व्यापाऱ्यांची पहाटेची बिले रात्रीच तयार होत, त्यांचे पडदे कोरे राहिले. मुलांनी घाईघाईने केस उघडली. वर्णनात लिहिले, "सिस्टिम चालत नाही, त्वरित मदत हवी." तीव्रतेची वरची पायरी निवडली आणि उत्तराची वाट पाहत बसले.

एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. ई-मेलच्या पेटीत काहीच नाही. मुलांनी क्लाउड कंपनीला मनातल्या मनात आणि मग मोठ्यानेही बरेच काही ऐकवले. तिकडे सांगलीच्या एका गोदामासमोर पहाटे साडेपाचला टेम्पो येऊन उभे राहिले. दोन रुग्णालयांची मागणी त्यात होती. शेवटी त्या दुकानाच्या वृद्ध मालकांनी माळ्यावरची कार्बन कागदाची जुनी बिलबुके काढली, चष्मा पुसला आणि हाताने बिले लिहून माल रवाना केला. औषधे पोहोचली; तास-दीड तास उशिरा, पण पोहोचली.

सकाळी साडेसहाला एका मुलाला सुचले की संकेतस्थळावरचे ते पान पुन्हा उघडून पाहावे. पाहतो तो काय, कंपनीचे उत्तर एक वाजून दहा मिनिटांनीच आले होते! अभियंत्याने तीन साध्या गोष्टी विचारल्या होत्या : बिघाड नेमका किती वाजता सुरू झाला, कोणत्या माहितीसाठ्यात झाला, आणि त्याच्या नोंदी पाहण्याची परवानगी आहे का. हे उत्तर ई-मेलनेही गेले होते, पण ज्या पत्त्यावर गेले तो दिवाळीत नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा होता. खाते उघडताना त्याचा पत्ता दिला होता आणि तो बदलण्याचे कोणाच्या ध्यानीमनी आले नव्हते. प्रकरणाच्या माथ्यावर 'ग्राहकाच्या कृतीची प्रतीक्षा' असा शेरा पाच तासांपासून झळकत होता.

उत्तरे पाठविल्यावर पस्तीस मिनिटांत दुखणे सापडले. तेही मुलांचेच निघाले. त्यांच्या नव्या अहवालाचा प्रोग्राम काम झाल्यावर जोडणी बंद करत नव्हता. जोडण्यांची मर्यादा भरली आणि दार बंद झाले. भाचा मला म्हणाला, "मामा, कंपनी पाच तास गप्प नव्हती. आम्हीच पाच तास गप्प होतो, आणि आम्हाला ते माहीतसुद्धा नव्हते."

त्या दिवसापासून या मुलांनी तक्रारीचा व्यवहार माणसाच्या स्मरणावर सोडला नाही. त्यासाठी त्यांनी ज्या साधनाचा आधार घेतला, त्याचे नाव 'सपोर्ट एपीआय' आणि त्याच्याशी बोलणारा 'क्लायंट'.

'क्लायंट' या शब्दाने वाचकांचा गोंधळ होण्याचा संभव आहे. वकिलाकडे क्लायंट म्हणजे अशील, दुकानात गिऱ्हाईक. संगणकाच्या व्यवहारात मात्र जो प्रोग्राम दुसऱ्या यंत्राकडे काही मागतो, त्याला क्लायंट म्हणतात आणि जो देतो त्याला सर्व्हर. एपीआय म्हणजे सर्व्हरने ठरवून दिलेली विचारणा करण्याची पद्धत : अमुक शब्दांत मागा, अमुक शब्दांत उत्तर मिळेल. माणसासाठी संकेतस्थळावर जो अर्ज असतो, तोच अर्ज प्रोग्रामने भरावा यासाठी ठेवलेली ही मागची खिडकी आहे असे समजा. क्लायंट हा त्या खिडकीपर्यंत जाणारा निरोप्या. त्याला वाट ठाऊक असते, खिडकीवरची रीत ठाऊक असते, ओळखपत्र दाखविणे व पोच घेऊन परतणे हेही त्याच्याकडेच असते. आपण फक्त निरोप सांगायचा.

असे निरोपे कंपन्या स्वतःच तयार करून देतात. गुगल क्लाउडचा क्लायंट पायथन, जावा, गो, पीएचपी, रुबी अशा अनेक प्रोग्रामिंग भाषांत मिळतो. ॲमेझॉनच्या सेवांसाठी पायथनमध्ये जो संच वापरतात त्याचे नाव 'बोटो-३'. बोटो हा ॲमेझॉन नदीतील गोड्या पाण्यातला डॉल्फिन. मूळ संचाचे कर्ते मिच गार्नाट यांनी ते नाव योजले. आधारसेवा हा या संचाचा एक छोटा भाग आहे आणि ॲमेझॉनच्या त्या एपीआयच्या आवृत्तीवर १५ एप्रिल २०१३ ही तारीख आहे. म्हणजे यंत्राने तक्रार लिहिण्याची कल्पना काही आजची नव्हे.

निरोप्याला पाठविण्यापूर्वी पहिला प्रश्न अधिकाराचा. आपल्याकडे व्यवहारासाठी मुखत्यारपत्र देताना जाणता माणूस त्यात नेमके काय करण्याचा अधिकार आहे ते लिहून घेतो. येथेही तसेच आहे. गुगलकडे प्रोग्रामसाठी 'सर्व्हिस अकाउंट' नावाची स्वतंत्र ओळख करता येते. तिला प्रकरणे केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा की नवी उघडण्याचा व बदलण्याचाही, हे वेगळे ठरविता येते. जो प्रोग्राम फक्त यादी पाहतो त्याला लिहिण्याचा अधिकार देऊ नये. शिवाय ही खिडकी सर्वांसाठी उघडी नसते. ॲमेझॉनकडे एपीआय वापरण्यासाठी आधारसेवेची योग्य ती सशुल्क योजना घेतलेली असावी लागते. ती नसेल तर क्लायंट 'वर्गणी आवश्यक' अशा अर्थाची त्रुटी घेऊन परत येतो. गुगलकडेही वरच्या सशुल्क योजनांपैकी एक लागते.

अधिकार मिळाला की कामांची यादी सुटसुटीत आहे. नवे प्रकरण उघडणे, असलेले पाहणे, अनेक प्रकरणांतून शोध घेणे, त्यात टिप्पणी जोडणे, तीव्रता किंवा प्रतींचे पत्ते बदलणे, प्रकरण वरिष्ठांकडे नेणे आणि शेवटी बंद करणे. प्रकरणाला विषयाचे वर्गीकरण द्यावे लागते. ते आपल्या मनाने रचायचे नसते, आधी यादी मागवून तीतले एक निवडायचे असते. टपालावर पिनकोड असावा तसे हे आहे. तो चुकला तर पत्र हरवत नाही, पण फिरत फिरत पोहोचते.

वरिष्ठांकडे नेण्याची रीत मला विशेष उद्बोधक वाटली. आपण नुसते "साहेबांना बोलवा" म्हणू शकत नाही. गुगलच्या एपीआयमध्ये त्यासाठी तीन कारणांपैकी एक नोंदवावे लागते : निवारणाला लागणारा वेळ, तांत्रिक जाणकारीची उणीव, किंवा व्यवसायावर होणारा परिणाम. सोबत समर्थनही लिहायचे असते. रागाला अर्जात रकाना नाही, कारणाला आहे.

आणखी दोन छोटे रकाने आपल्याकडच्या ग्राहकाने दुर्लक्षू नयेत. एक कालक्षेत्राचा. आपण भारतात आहोत हे तेथे नोंदवावे, म्हणजे आपली वेळ कोणती आणि उत्तर वाचायला माणूस केव्हा जागा असेल हे पलीकडे कळते. दुसरा चाचणीचा. प्रोग्राम नवा असताना तो नीट चालतो का हे पाहायला खोटी प्रकरणे उघडावी लागतात. गुगलकडे अशा प्रकरणावर 'हे चाचणीचे आहे' अशी खूण करता येते आणि आधारसेवेच्या माणसांनी त्यावर काम करू नये असा तिचा अर्थ असतो. ती खूण विसरणे म्हणजे अग्निशमन दलाला गंमत म्हणून फोन करणे.

भाच्याने या साधनांतून जे उभे केले ते फार मोठे नाही. तीनचारशे ओळींचा प्रोग्राम आहे. तो दर दहा मिनिटांनी सर्व उघडी प्रकरणे मागवितो आणि प्रत्येकाची स्थिती पाहतो. गुगलकडे स्थितीचे पाच शब्द आहेत : नवे, काम चालू, ग्राहकाकडून कृती अपेक्षित, उपाय सुचविला, बंद. ॲमेझॉनचे शब्द थोडे निराळे असले तरी 'ग्राहकाच्या कृतीची प्रतीक्षा' हा शब्द तेथेही आहे. एखादे प्रकरण या स्थितीत गेले की तिन्ही भागीदारांच्या फोनवर संदेश जातो. पंधरा मिनिटांत कोणी 'पाहिले' असे कळविले नाही तर फोन वाजू लागतो. कोणी नोकरी सोडली, कोणाची पेटी भरली, कोणी झोपला, तरी निरोप अडत नाही.

प्रकरण उघडतानाही हा प्रोग्राम मदत करतो. बिघाड किती वाजता सुरू झाला, कोणत्या सेवेत झाला, त्याआधी कोणता बदल केला होता, किती ग्राहकांवर परिणाम आहे, या गोष्टी तो नोंदींतून स्वतः उचलतो आणि वर्णनात ओळीने मांडतो. "सिस्टिम चालत नाही" या एका वाक्याच्या जागी आता सात-आठ नेमकी वाक्ये जातात. पहिल्या रात्री अभियंत्याने जे तीन प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरे आता प्रश्नाआधीच पोहोचतात. प्रकरण बंद झाले की सारा पत्रव्यवहार त्यांच्या स्वतःच्या दप्तरी उतरवून ठेवला जातो, कारण कंपनी जुनी प्रकरणे कायमची जपेलच असे नाही. ज्यांच्या घरी रोजमेळ आणि खतावणी नीट ठेवण्याची सवय आहे, त्यांना या दप्तराचे मोल निराळे सांगायला नको. तेच दुखणे वर्षाने परत आले तर औषध जुन्या पानावर सापडते.

इतके वाचून एखाद्याला वाटेल की आता सारे प्रोग्रामवर सोपवून निजायला हरकत नाही. येथेच सावध व्हायला हवे, कारण निरोप्या आज्ञाधारक असतो, शहाणा नसतो.

समजा, प्रोग्रामला सांगितले की त्रुटी दिसली की केस उघड. एकाच बिघाडातून एका मिनिटात पाचशे त्रुटी निर्माण होतात. निरोप्या पाचशे वेळा खिडकीवर जाईल. कंपन्यांनाही याची जाणीव आहे. ॲमेझॉनच्या क्लायंटला 'प्रकरणे उघडण्याची मर्यादा ओलांडली' अशी एक स्वतंत्र त्रुटी मिळते ती यासाठीच. यावर उपाय असा की नवे प्रकरण उघडण्यापूर्वी त्याच विषयाचे उघडे प्रकरण आहे का ते शोधायचे आणि असेल तर त्यातच टिप्पणी जोडायची. दुसरा प्रसंग याहून फसवा. निरोप्याने निरोप पोहोचविला, पण परतीची पोच वाटेत हरवली. प्रोग्रामला वाटते काम झाले नाही. तो पुन्हा पाठवितो आणि एकाच तक्रारीची दोन प्रकरणे होतात, दोन अभियंते दोन दिशांनी शोध घेऊ लागतात. म्हणून पुन्हा पाठविण्यापूर्वी पुन्हा पाहावे, हा नियम येथे पक्का करावा लागतो.

तिसरा धोका गोपनीयतेचा. नोंदी जोडणे सोपे असते. ॲमेझॉनकडे एका वेळी तीन जोडपत्रे, प्रत्येकी पाच मेगाबाइटपर्यंत, देता येतात. पण औषध दुकानाच्या नोंदींत रुग्णांची नावे असतात, फोन क्रमांक असतात, कोणाला कोणते औषध जाते हे असते. आणि क्वचित एखाद्या ओळीत पासवर्डही पडलेला असतो. तक्रार आपली, माहिती दुसऱ्याची. ती पुसल्याशिवाय बाहेर पाठविण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपल्या देशात यासाठी २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु कायदा नसता तरी ही जबाबदारी होतीच. भाच्याचा प्रोग्राम आधी नावे व क्रमांक झाकतो आणि मगच जोडपत्र तयार करतो.

चौथी गोष्ट तीव्रतेची. आणि ताई, आपल्या काळजीचे उत्तर येथे आहे.

प्रत्येक तक्रारीवर 'अतितातडीची' हा शिक्का मारण्याचा मोह मोठा असतो. प्रोग्रामला तर तो एका शब्दाचा बदल. कायमचा पी-१ लिहून ठेवला की झाले. पण पी-१ चे प्रकरण आले की पलीकडे कोणीतरी झोपेतून उठतो, कदाचित आपल्या चिरंजीवांसारखाच एखादा मुलगा, आणि हातातले दुसरे काम बाजूला ठेवतो. ज्या बाजूला ठेवलेल्या कामात एखाद्या रुग्णालयाची बंद पडलेली सेवा असेल, ते काम आपल्या साध्या शंकेमुळे मागे पडते. शिवाय जो ग्राहक दर आठवड्याला आग लागल्याचे सांगतो, त्याच्या खऱ्या आगीच्या रात्री ऐकणाऱ्याचे पाऊल जड पडते. तक्रारीची तीव्रता म्हणजे आपण जगाला दिलेली साक्ष आहे. ती फुगवली तर खोटी साक्ष होते आणि संकोचाने कमी सांगितली तर आपल्यावर विसंबलेल्यांचे नुकसान होते.

ही साक्ष प्रोग्राम देऊ शकतो का? पाचशे त्रुटी झाल्या हे तो मोजील. पण त्या पाचशे त्रुटी रात्रीच्या निरुपयोगी अहवालातल्या आहेत की पहाटे रुग्णालयात जाणाऱ्या औषधांच्या बिलातल्या आहेत, यांतला फरक ज्याने गोदामासमोर उभा असलेला टेम्पो पाहिला आहे त्यालाच कळतो. म्हणून भाच्याच्या कंपनीत खालच्या दोन पायऱ्यांची प्रकरणे प्रोग्राम स्वतः उघडतो. वरच्या दोन पायऱ्यांसाठी तो सारा मसुदा तयार ठेवतो, माणसाला फोन करून उठवितो आणि थांबतो. बटण माणूस दाबतो. पस्तीस सेकंदांचे काम आहे, पण ते त्यांनी यंत्राला दिलेले नाही.

तेव्हा ताई, आपल्या मुलाच्या हातून काय जाईल आणि काय राहील हे असे सांगता येईल. अर्ज भरणे जाईल. एकाच माहितीची तीन ठिकाणी नक्कल करणे जाईल. दर तासाला पान उघडून "आले का उत्तर?" म्हणून पाहणे जाईल. ज्यांची नोकरी एवढ्याच कामांवर उभी आहे, त्यांना नवे शिकावे लागेल. हे गोड बोलून लपविण्यात अर्थ नाही. पण बिघाडाचा अर्थ लावणे, कोणाचे किती अडले आहे हे ओळखणे, तीव्रता प्रामाणिकपणे ठरविणे आणि पलीकडच्या अभियंत्याशी नेमक्या शब्दांत बोलणे, ही कामे त्याची राहतील, आणि निरोप्यावर लक्ष ठेवणे हे एक नवे काम त्यांत वाढेल. आपला मुलगा जर म्हणत असेल की केस उघडण्याचे काम प्रोग्राम करील, तर तो प्रोग्राम कोण लिहिणार आहे, एवढे त्याला विचारा. मला वाटते, उत्तर ऐकून आपली निम्मी काळजी दूर होईल. उरलेली निम्मी त्याच्या झोपेची आहे. ती रास्त आहे. पण नीट लिहिलेला निरोप्या तीतही थोडी भर घालील, कारण विनाकारण वाजणारे फोन तो कमी करतो.

ज्या वाचकांची स्वतःची लहानमोठी पेढी क्लाउडवर चालते, त्यांनी प्रोग्राम लिहिण्याआधी आजच तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. आपल्या खात्यात उत्तराचा ई-मेल कोणाच्या पत्त्यावर जातो आणि तो माणूस अजून आपल्याकडे आहे का? आधारसेवेची कोणती योजना आपण घेतली आहे आणि तीत किती वेळात प्रतिसादाचे वचन आहे? रात्री सेवा बंद पडली तर कोणती पायरी निवडायची, हे दिवसाढवळ्या शांतपणे ठरवून कागदावर लिहिले आहे का? हे तिन्ही प्रश्न फुकटचे आहेत. भाच्याने पहिल्या प्रश्नाची किंमत पाच तासांत मोजली.

आणि ज्यांचा क्लाउडशी काही संबंध नाही, त्यांच्याही कामी यातले थोडे येईल. वीज, बँक, गॅस, टपाल, कोठेही तक्रार करताना ती याच रीतीने करावी : काय झाले, केव्हा झाले, कोणाचे किती अडले, आपली अपेक्षा काय. क्रमांक लिहून ठेवावा, उत्तर कोठे येणार ते विचारून घ्यावे आणि उत्तर आले का हे स्वतः पाहावे. तक्रार करून विसरणे आणि मग "कोणी ऐकत नाही" म्हणणे, यात कधी कधी ऐकणारा केव्हाचा बोलून गेलेला असतो.

सांगलीच्या त्या वृद्ध व्यापाऱ्यांना भाचा नंतर क्षमा मागायला गेला होता. त्यांनी त्याला चहा दिला आणि हाताने लिहिलेली ती बिले पुढे ठेवली. एकही बेरीज चुकलेली नव्हती. म्हणाले, "बाळ, तुझे यंत्र चांगले आहे, ते चालू ठेव. बिलबुके मी माळ्यावरून खाली आणून ठेवली आहेत."